हरकत असल्यास

"मॅडम, तुमची चतुःसीमा सांगा," हे नाना खेतमाळीस माझ्याशी बोललेले पहिले शब्द. कॉलेजात येऊन मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. स्टाफरूममध्ये मी डबा उघडून बसले होते आणि समोर साठी उलटलेले एक गृहस्थ पॅडला लावलेला फुलस्केप कागद घेऊन उभे होते. कपाळाचा वरचा भाग खालच्यापेक्षा उजळ, आयुष्यभर टोपी घालणाऱ्यांचा असतो तसा. मी विचारलं, "माझी काय?" ते म्हणाले, "पूर्वेला कोन, पच्चिमेला कोन, दक्षिनेला, उत्तरेला." मी हातात घास धरून इकडेतिकडे पाहिलं. पूर्वेला खिडकी होती. पश्चिमेला इतिहासाचे वाबळे सर खुर्चीत मान टाकून झोपले होते. मी तसं सांगितलं.

"खिडकी न्हाई चालायची. खिडकीच्या पल्याड कोन?"

पल्याड सायकल स्टँड होता. नानांनी तेही लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि ते वाबळे सरांना उठवायला गेले. मी कशावर सही केली हे मला कळलं नव्हतं. पुढच्या दीड महिन्यात माझी हीच अवस्था बहुतेक वेळा होती, आणि खरं सांगायचं तर अजूनही थोडीफार आहे.

प्रकार असा होता. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि प्राचार्यांनी कुठेतरी ऐकलं होतं की प्रत्येक प्राध्यापकाचं स्वतःचं वेब पान असलं की समिती खूश होते. तेही बाहेरच्या कुठल्या कंपनीकडे ठेवलेलं नव्हे, तर कॉलेजच्या स्वतःच्या सर्व्हरवर. सर्व्हर होता. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांशेजारी, टेबलफॅन तोंडावर लावून तो बसवलेला होता. अडतीस माणसांची अडतीस पानं त्याच्यावर चढवायची होती आणि या कामाची समन्वयक म्हणून माझी नेमणूक झाली. मी मराठी शिकवते. प्राचार्यांना तसं सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणूनच तर! निदान शुद्धलेखन तरी बरोबर असेल." मी कंत्राटी होते, वर्षावर्षाने नेमणूक व्हायची, म्हणून पुढे बोलले नाही. बोलले नाही तरी त्यांनी सुनावलंच. "मॅडम, अडतीस म्हणजे अडतीस. एकही कमी नको. पुढच्या वर्षीचं मग बघू."

आणि हे सगळं प्रत्यक्षात करणार होते नाना. ते भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. अर्धा तालुका त्यांनी साखळीने मोजलेला आणि उरलेला मशीनने. नोकरीच्या शेवटच्या काळात कचेरीतले नकाशे कॉम्प्युटरवर चढवायला बाहेरून इंजिनिअर आले, त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून नाना बसायचे आणि ते काय करतात ते वहीत उतरवून घ्यायचे. चार वर्षांत पाच वह्या भरल्या. निवृत्तीनंतर काष्टीजवळच्या आमच्या कॉलेजने त्यांना तांत्रिक सहायक म्हणून घेतलं. सर्व्हरचं काम त्यांना चांगलं येत होतं, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना तशी शंका येईल. फक्त ते काम त्यांनी मोजणीच्या पद्धतीनेच केलं. दुसरी पद्धत त्यांना मंजूर नव्हती.

सर्व्हरच्या खोलीत भिंतीवर त्यांनी मोठ्या ड्रॉइंग पेपरवर नकाशा काढला होता. गावाचा असतो तसाच, पण त्यात गाव नव्हतं, आम्ही होतो. प्रत्येकाला एक तुकडा, त्याला नंबर, हिरव्या शाईने बांध. वरच्या बाजूने एक निळी नागमोडी रेघ सगळ्या तुकड्यांना लागून गेली होती. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "ओढा." वेब पानाच्या पत्त्यात आपल्या नावाआधी एक वाकडी खूण टाकायची असते, कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात सापडते ती. नानांच्या हिशेबी ती ओढ्याची खूण होती. "आधी कॉलेजचा पत्ता, मंग तिरकी रेघ, मंग वढा. वढा वलांडला की तुमचं नाव. सोपं हाय." मला सोपं वाटलं नाही, पण पत्ता मात्र तेव्हापासून कधी चुकला नाही.

नकाशात माझा नंबर एकतीस होता. एकोणचाळिसावा तुकडा नानांचा स्वतःचा. आणि त्याच्या मागे, कागदाच्या अगदी कडेला, चाळिसावा तुकडा होता. त्याला बांध होते, नंबर होता, पण नाव नव्हतं आणि तिथपर्यंत जाणारी कुठलीच रेघ नव्हती. आम्ही तर अडतीस जण. मी विचारलं, हा कुणाचा? नाना म्हणाले, "ऱ्हाऊ द्या त्यो." त्यांच्या आवाजावरून मी पुन्हा विचारलं नाही. नाना आता नाहीत, गेल्या थंडीत गेले. तो नकाशा माझ्याकडे आहे.

तर मी सही केलेला कागद हा अर्ज होता. त्यात रकाने होते: नाव, विषय, चतुःसीमा, हरकत असल्यास, धारकाची सही, पंच. मोजणीआधी शेजारच्या कब्जेदारांना नोटीस द्यावी लागते, म्हणून नानांनी आम्हा प्रत्येकाच्या शेजाऱ्यांना नोटिसा काढल्या. अमुक यांना सर्व्हरवर जागा देण्यात येत आहे, हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. आता ज्या माणसांना वेब पान म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं, त्यांनीही हरकत घ्यायची संधी मिळाल्यावर ती सोडली नाही. भूगोलाच्या सरांनी लिहिलं, इतिहासाचं पान माझ्या उत्तरेला नको. ग्रंथपालांनी लिहिलं, सायकल स्टँडचा यात काय संबंध? खेळाच्या सरांनी नुसतंच "हरकत आहे" असं लिहून खाली सही केली होती.

नाना प्रत्येक हरकत गंभीरपणे वाचायचे, चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे, खिशातलं तांबडं पेन काढायचे आणि खाली लिहायचे: हरकत अमान्य. सगळ्यांच्या हरकती त्यांनी अशा निकालात काढल्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाना, सगळ्या अमान्यच करायच्या तर मागवता कशाला?" ते म्हणाले, "मॅडम, मानसाला इचारलेलं आसलं पायजे. मान्य करायचं न्हाई ते म्होरचं." छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधीच कुठली हरकत मान्य केली नव्हती, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं. नकाशा खरा असला की हरकत खोटी असते, असा त्यांचा हिशेब होता.

सात दिवस संपले. नानांनी अडतीस जागा तयार केल्या, शिपाई आणि कँटीनवाला यांना पंच म्हणून उभं केलं आणि एकेकाला कॉम्प्युटरसमोर बसवून कबजा दिला. मी माझं पान मन लावून तयार केलं. फोटो, शिक्षण, आवडीचे विषय, वर एक स्वागताची ओळ. मग ग्रंथालयातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन पत्ता टाकला. ओढासुद्धा टाकला. पांढरं फटक पान उघडलं आणि त्याच्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता, फॉर्बिडन. मनाई. मी वाबळे सरांचं पान उघडलं, मनाई. प्राचार्यांचं उघडलं, त्यांनाही मनाई. समिती यायला अकरा दिवस राहिले होते.

मी पुण्याला माझ्या मावसभावाला फोन लावला, तो याच धंद्यात आहे. तो हसला आणि म्हणाला, "ताई, परवानग्यांचा घोळ आहे. तुमच्या माणसाला सांग, सगळ्यांना सात-सात-सात टाक. एका ओळीचं काम आहे. सगळं सताड उघडेल." मी धावत सर्व्हरच्या खोलीत गेले आणि नानांना म्हटलं, सात-सात-सात टाका.

नाना माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते.

"म्हंजी समदं बांध मोडून टाकायचं?" ते म्हणाले. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि नकाशावर पट्टी ठेवून समजावलं. ते मला तेव्हा अर्धंच कळलं, पण शब्द पाठ आहेत. "हे तुमचं वावर. वावराच्या मदी तुमचं खळं. पान ठिवलंय ते खळ्यावर. खळ्यावर कुनीबी यावं, बगावं, आमची ना न्हाई. पन खळ्यापोत जायला वावरातनं वाट लागतीय का न्हाई? ती बंद हाय. म्हनून मनाई. आता हितं तीन जातीची मानसं आस्त्यात. मालक, भावकी आन तिऱ्हाईत. तिघांची परवानगी येगयेगळी. आन परवानगी बी तीन परकारची. बगायचं येगळं, खोडाखोड करायचं येगळं, आन नुसतं पल्याड जायचं येगळं. तुमच्या भावानं सांगितलं ते केलं तर तिऱ्हाईत येऊन तुमचं वावर नांगरून जाईल. आपल्याला फकस्त वहिवाट द्यायचीय. पाऊल टाकायचं, पिकाला हात लावायचा न्हाई."

"मग द्या ना वहिवाट!"

"मी कोन देनारा? वावर तुमचं."

मला रडू यायचं बाकी होतं. माझ्यासमोर एक माणूस बसला होता, त्याच्या हाताखाली कळफलक होता, एका ओळीचं काम होतं, ती ओळ त्याला येत होती आणि तो ती लिहायला तयार नव्हता. मी म्हटलं, नाना, तुम्ही सर्व्हरचे मालक आहात, तुम्हाला सगळे अधिकार आहेत. ते म्हणाले, "हायेत की. म्हनून तर भ्या वाटतं."

झालं. अडतीस नवे कागद आले. माझ्या जागेतून तिऱ्हाइतास वहिवाट देण्यास माझी संमती आहे. समन्वयक या नात्याने ते घेऊन दारोदार हिंडणं माझ्या वाट्याला आलं. काय काय ऐकलं म्हणून सांगू! एका मॅडमनी विचारलं, यातून माझं आधार कार्ड दिसेल का. एक सर म्हणाले, मिसेसला विचारून सांगतो. प्राचार्यांनी तर सही करताना मलाच विचारलं, "हा तिऱ्हाईत म्हणजे कोण, समिती का?" मी हो म्हटलं. त्या वेळेपर्यंत मी कशालाही हो म्हणत होते. संध्याकाळी सह्या झालेले कागद नाना हातात घ्यायचे, कळफलकावर काहीतरी टाइप करायचे आणि एकेक पान उघडायचं. आज आठ, उद्या बारा. नकाशावर ते त्या त्या तुकड्यात तुटक रेघ काढायचे, पायवाटेची असते तशी.

छत्तीस उघडल्यावर मी माझं पान पाहिलं. मनाई! मी तावातावाने त्यांच्याकडे गेले, आरडाओरडा केला. नानांनी शांतपणे गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "एकतीस नंबरची संमती आली न्हाई." मी सगळ्यांच्या सह्या घेत हिंडले होते आणि माझीच राहिली होती. मी तिथल्या तिथे सही केली. ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मग एकच कागद उरला, वाबळे सरांचा. आणि वाबळे सर सही करेनात. ते नानांच्या शेजारच्या वस्तीवरचे. त्यांनी भर स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, कागद टेबलावर आपटला आणि म्हणाले, "नाना, सख्ख्या भावाची वाट बंद करून त्याला देशोधडीला लावलंत, आणि आमच्याकडे वहिवाट मागता? आधी तुमची द्या. ज्या दिवशी दत्तूचा ट्रॅक्टर तुमच्या वावरातून जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझी सही घ्या."

नानांनी कागद उचलला, त्याची दुमडलेली कड नखाने सरळ केली आणि ते निघून गेले. मी मागोमाग गेले. मला वाटलं ते चिडले असतील. ते टेबलफॅनसमोर बसून नकाशाकडे बघत होते, त्या चाळिसाव्या तुकड्याकडे.

"वाबळे सर खरं बोल्ले," ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं. दत्तू धाकटा. वाटण्या झाल्या तेव्हा पुढची जमीन नानांना आली, मागची दत्तूला. दत्तू नानांच्या शेतातूनच ये-जा करायचा, त्याआधी वडील करायचे, त्याआधी आजा. बारा वर्षांपूर्वी बांधावरून दोघांच्यात कुरबूर झाली आणि दत्तूने तहसिलीत रस्त्यासाठी अर्ज केला. लगतचा कब्जेदार म्हणून नानांचा जबाब झाला. ते स्वतः मोजणी खात्यातले, त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी सांगितलं, नकाशात वाट नाही. ते खरंच होतं, नकाशात वाट नव्हती. अर्ज फेटाळला गेला. दत्तूला ओढ्यातून फिरून जावं लागायचं, पावसाळ्यात तेही बंद व्हायचं. उसाला तोड आली तेव्हा गाडी आत जाईना, ऊस उभा वाळला. तो बायको-मुलांना घेऊन सुप्याला गेला, कंपनीत लागला. जमीन पडीक पडली, वेड्या बाभळी माजल्या. बारा वर्षांत दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

"कागद खरा हुता, मॅडम," नाना म्हणाले. "वाट बी खरी हुती. मी कागदाची बाजू घेतली. भाऊ हाय म्हनून वाकडं बोललो आसं कुनी म्हनू नये, ह्ये डोक्यात. आन जरा खुन्नस बी हुती, खोटं कशाला बोलू."

मला इतकंच कळलं की या माणसाने आमच्याकडून अडतीस संमत्या का मागितल्या. आणि माझ्या मनात त्याच क्षणी हाही विचार आला की हे सगळं खरं असलं तरी माझ्याकडे सहाच दिवस उरलेत. मला त्याची लाज वाटते, पण तो आला होता.

दुसऱ्या दिवशी नानांनी भावाला नोटीस काढली. फोन नाही, निरोप नाही, रजिस्टर पोस्टाने नोटीस. "लगतचे कब्जेदार यांस. रविवारी सकाळी दहा वाजता जागेवर हजर राहावे. हरकत असल्यास समक्ष नोंदवावी." मी म्हटलं, नाना, सख्ख्या भावाला अशी नोटीस? ते म्हणाले, "फोनवर काय बोलू? मला दुसरं काय लिवता येतं?" आणि मग जाताजाता म्हणाले, "रविवारी तुमी या. पंच पायजे."

समिती आली, तिने दोनच पानं उघडून पाहिली आणि त्यातलं एक चहाच्या कपाआड होतं, हे आत्ताच सांगून टाकते. वाबळे सरांचंही पान उघडलेलं होतं. माझी नेमणूक पुढच्या वर्षी चालू राहिली, ती पानांमुळे की चहामुळे हे मला अजून कळलेलं नाही. कॉलेजची वेबसाइट आता एका कंपनीकडे आहे आणि तो टेबलफॅन स्टाफरूममध्ये आलाय. मला सांगायचं आहे ते रविवारचं.

मी स्कूटीवरून वस्तीवर पोहोचले तेव्हा नानांच्या शेतात कांदा गुडघ्याएवढा झाला होता. हिरवागार, अजून पोसायचा होता. आणि त्या उभ्या पिकातून, बांधापासून पार मागपर्यंत, गाडी जाईल एवढ्या रुंदीचा पट्टा मोकळा केलेला होता. उपटलेल्या कांद्याचे ढीग दोन्ही कडांना पडले होते, त्याचा वास डोळ्यांत जात होता. नानांच्या पत्नी बांधावर बसल्या होत्या, हात मातीने भरलेले. मी म्हटलं, काकू, एवढं उभं पीक? त्या म्हणाल्या, "दोन दिस झालं दोघं उपटतोय. उपटताना त्ये एक अक्षर बोल्ले न्हाईत. मी बी बोल्ले न्हाई. बोल्ले आस्ते तर हात थांबलं आस्तं."

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, बाभळीखाली, कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस उभा होता. तो ओढ्यातूनच फिरून आलेला असावा, पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. या टोकाला नाना, हातात पॅड, खिशात तांबडं पेन. आज डोक्यावर टोपी होती. मधे दोनेकशे पावलांची वाट. दोघांपैकी कुणीही हलत नव्हतं.

"जावा तुमी," नाना मला म्हणाले.

"मी? मी कशाला?"

"मालकाला समदं उघडंच दिसतं. त्यानं तपासून उपेग न्हाई. भावकीचं बी तसंच. तिऱ्हाईत पल्याड गेला तर वाट उघडली म्हनायची. पान उघडताना दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन बगितलं का न्हाई तुमी? तसंच."

मी निघाले. पाटाच्या चिखलात एक चप्पल रुतली, ती हातात घेतली. दत्तूपर्यंत पोहोचले तर त्याने विचारलं, "तुमी कोन? मोजनीवाल्या का?" मी म्हटलं, "नाही. मराठी शिकवते." त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ उमटला तो पाहून मला बरं वाटलं. म्हटलं, आता आपण एकटे नाही.

"मंग त्यो का न्हाई आला?" दत्तूने विचारलं.

मी परत गेले, नानांना विचारलं. नाना म्हणाले, "देनाऱ्यानं आधी चालायचं नस्तं. घेनाऱ्यानं चालत यायचं, म्हंजी कबजा झाला." मी पुन्हा दत्तूकडे गेले. दत्तू म्हणाला, "मी का जाऊ? बंद कुनी केली? ज्यानं केली त्यानं यावं." मी पुन्हा नानांकडे निघाले, ऊन चढलं होतं, एक पाय अनवाणी होता, आणि वाटेच्या बरोबर मध्यावर माझं डोकं फिरलं. मी हातातली चप्पल खाली आपटली आणि ओरडले, "मला उद्या सकाळी आठ वाजता तास आहे! मी आता इथून हलणार नाही! दोघंही इथे या!"

काकू बांधावर उभ्या राहिल्या. मग आधी कोण निघालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी चप्पल शोधत होते. मान वर केली तेव्हा दोघंही चालत येत होते, सारख्याच चालीने, पावलं मोजल्यासारखी टाकत. ती चाल बहुधा वडिलांची असावी.

माझ्या दोन बाजूंना दोघं थांबले. बारा वर्षांनी समोरासमोर आलेली ही माणसं काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. नानांनी पॅड पुढे केलं. दत्तूने ते घेतलं आणि उन्हात उभं राहून अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. नाव, गट नंबर, चतुःसीमा. पूर्वेला कब्जेदार म्हणून दत्तूचं नाव होतं आणि त्याच्यापुढे, कुठल्याही अर्जात कधी लिहीत नाहीत तो शब्द लिहिलेला होता, भाऊ. त्याच्या खाली: माझ्या जमिनीतून कायम वहिवाट देण्यास माझी संमती आहे, नानांची सही.

दत्तूने हात पुढे केला. नानांनी त्याला पेन दिलं, निळं. मला वाटलं तो सही करील. पण त्याचं पेन वरच्या रकान्यावर थांबलं. हरकत असल्यास. तिथे त्याने सावकाश, शाळेतल्या अक्षरात, दोन शब्द लिहिले आणि मग खाली सही केली. पॅड परत दिलं आणि तो बाभळीकडे तोंड करून उभा राहिला.

नानांनी वाचलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला. खिशातलं तांबडं पेन काढलं. ते आता काय लिहिणार हे मला माहीत होतं, तेच दोन शब्द मी त्यांना इतक्या वेळा लिहिताना पाहिलं होतं. निदान आज तरी लिहू नका नाना, असं म्हणावंसं वाटलं, पण पंचाने मधे बोलायचं नसतं. त्यांनी लिहिलं, टोपण लावलं आणि पॅड सहीसाठी माझ्याकडे दिलं.

हरकतीच्या रकान्यात दत्तूने लिहिलं होतं, उशीर झाला. त्याच्याखाली तांबड्या शाईत होतं, हरकत मान्य. मी पंच म्हणून सही केली.